भेसळीची उशी

शेवटचं उंच रोप तिनं मुळासकट उपटलं, बांधावरच्या ढिगात टाकलं आणि कमरेवर हात ठेवून शेताकडे पाहिलं. साऱ्या लोंब्या एका पातळीत, जणू चादर ताणून अंथरलेली. हे भात बियाण्यासाठी होतं. त्यात भेसळ चालत नाही. तीस वर्षं ती ही उंच, कुसळवाली रोपं उपटत आली होती. तरी दरवर्षी ती कुठून उगवत, कोण जाणे.

"काकूंच्या नजरेतून एकही सुटत नाही," तपासणीला येणारे साहेब म्हणायचे. "आम्ही येतो ते नुसती सही करायला."

ढिगावर डोकं टेकून नवरा झोपला होता. जन्मभर लांबच्या कारखान्यात राहिला आणि घरी परतला तो पायांतलं बळ गेल्यावर. महिनाभर अन्नाला शिवत नव्हता. एकच धोशा, आईचा तांबडा भात हवा. "त्यानं पायांत जीव येतो गं. लहानपणी आजारातून उठलो तो त्याच्यावरच." ती लग्न होऊन आली, त्याआधीच घरात तो भात बंद झाला होता. तिनं तो पाहिलासुद्धा नव्हता. तरी तिनं दुकानं पालथी घातली, सोयरेधायरे पिंजून काढले.

"काकू, आता त्याची गोष्टच उरलीय," दुकानदार हसला होता. "ती सांगता येते, शिजवता येत नाही."

आज मोकळी हवा लागेल म्हणून तिनं त्याला हातगाडीवरून शेतात आणलं होतं. उशाला काही नव्हतं, म्हणून उपटलेली रोपंच मानेखाली सारली होती. ऊन कललं. वारा भातावरून हलकेच फिरून गेला. झोपेत तो हसत होता.

"वाढ ना आई, अजून," तो पुटपुटला. त्याच्या पायाचा अंगठा हलल्यासारखा तिला वाटला.

मग त्यानं डोळे उघडले. "आई कुठे गेली?"

"अहो, स्वप्न पडलं तुम्हाला."

"स्वप्नाला वास येतो का?" लेकरानं कुशीत शिरावं तसं त्यानं ढिगात तोंड खुपसलं. एक पात चुरगळून तिच्या नाकाशी धरली. "हाच तो! पिकला की निम्मा मातीत गळतो म्हणून आई करवादायची. अगं, कुठे मिळाला तुला?"

गोडसर, उबदार वास. तो तिच्या ओळखीचाच होता. तीस वर्षं संध्याकाळी हातांना यायचा आणि ती साबण लावून तो धुऊन टाकायची.

ढिगातली मुळं उन्हानं वाळली होती. लोंब्यांत अजून दाणा भरला नव्हता, नुसतं दूध होतं. ती उठली, पुन्हा शेतात उतरली आणि ओळीओळीनं सावकाश चालू लागली. आपली नजर कुठेतरी चुकलेली असू दे, असं आयुष्यात पहिल्यांदाच ती देवाकडे मागत होती.