राहिलेलं वाक्य

अंतराळयानाच्या मालिकेचा शेवटचा भाग संध्याकाळी पाचला चॅनेलकडे जायचा होता, आणि डबिंग स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टला त्यातलं एकच वाक्य मिळवायचं होतं. मेलेला यात्री यंत्रातून बायकोला म्हणतो, "आता मला जाऊ दे." या पात्राचा आवाज रेकॉर्डिस्टच्याच नवऱ्याचा होता, आणि तो दीड महिन्यापूर्वी गेला होता.

"वहिनी, जुन्या रेकॉर्डिंगमधून शब्द जुळवा, काहीही करा!" दिग्दर्शक फोनवर घायकुतीला आला होता.

तिने फोन ठेवला, हेडफोन चढवले आणि वीस वर्षांच्या सवयीने बटण दाबून काचेपलीकडच्या रिकाम्या बूथला सांगितलं, "टेक एक."

पडद्यावरची आवाजाची रेघ उसळली. "आता मला जाऊ दे."

तोच घसा, तोच श्वास. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि मग आनंदाने तिला खुर्चीत बसवेना. काचेपलीकडे फक्त माईक आणि स्टूल होतं. वाक्य चोख झालं होतं.

पण तिने "ओके" म्हटलं की तो बूथमधून निघायचा, असा दोघांचा रिवाज होता.

"छान! अजून एकदा," ती हसत म्हणाली. "टेक दोन."

एरवी दुसऱ्या टेकलाच कुरकुरणारा तो निमूट बोलला. तिसऱ्यांदाही बोलला. तिला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. पाच वाजले, फोन वाजत राहिला, तिने उचलला नाही.

अकराव्या टेकला वाक्य तेच होतं, पण आता तो संवाद म्हणत नव्हता, विनवत होता.

तिने बटण दाबलं. "टेक बारा."