एक थेंब पिवळा

ताइस्तोने उजव्या डोळ्यावरचं प्लास्टिकचं कवच काढलं आणि त्याला पहिल्यांदा दिसली ती सावली. भूर्जाच्या झाडाची, अंगणातल्या बर्फावर पडलेली. ती निळी होती. मार्चमध्ये बर्फावरची सावली निळी असते हे त्याला पाठ होतं. पण निळं म्हणजे इतकं निळं, हे तो केव्हा विसरला होता?

"आउने, बाहेर ये. आभाळ बघ!"

"रोजच बघते," बायको दारातून म्हणाली. "औषध घालायचंय डोळ्यात. आभाळ कुठं जात नाही."

मोतीबिंदू कालच निघाला होता. डाव्या डोळ्याची पाळी अजून यायची होती.

आभाळाने मन भरेना, तरी तो सॉनाकडे, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराकडे, वळला. नव्या डोळ्याने त्याला आपलं काम बघायचं होतं. एकतीस वर्षं तो मोटारींच्या कारखान्यात रंगखात्यात होता. दाराचा आणि बंपरचा रंग जुळला की नाही, याबाबत शेवटचा शब्द त्याचा. यंत्राने पास केलेला रंगसुद्धा तो परत पाठवी, आणि पुढे त्याचंच खरं निघे. निवृत्तीनंतर गावाने त्याच्या डोळ्यावर तसाच विश्वास टाकला. स्वस्तातल्या गाड्यांना आरशांची टोपणं आणि दारांवरच्या पट्ट्या काळ्या प्लास्टिकच्या येत. लोक त्या काढून आणत, सोबत कॉफीचं पाकीट ठेवून जात. ताइस्तो त्या धुई, पॉलिश पेपरने घासी, प्लास्टिकवर बसणारा प्रायमर मारी, मग गाडीच्या रंगाचे तीन पातळ हात. सुकवायला सॉना. शनिवारी तिथे माणसं बसत. रविवारी, उरलेल्या उबेत, आरसे.

दुकानात गाडीच्या क्रमांकावरून बनवून मिळणारा रंग मात्र तो तसाच कधी वापरत नसे. जुनी गाडी उन्हानं पिकते, तो म्हणे. त्यात पिवळा घालावा लागतो. एक थेंब, मग आणखी एक, डोळा 'बस' म्हणेपर्यंत.

वरच्या फळीवर त्याच्याच गाडीच्या दाराची पट्टी सुकत होती. ती त्याने बाहेर आणली आणि गाडीच्या पांढऱ्या दाराला लावून धरली.

दार बर्फासारखं पांढरं होतं. पट्टी लोण्याच्या रंगाची.

त्याने उजवा डोळा मिटला. रंग जुळला, केसाचाही फरक नाही. डावा मिटला. लोणी. त्याने हे चारदा केलं. मग आरशांकडे पाहिलं. तेही लोणी.

"हे कधीपासून?"

आउने पायरीवर आली. तिने 'काय कधीपासून?' असं विचारलं नाही.

"सहा वर्षं होतील. आधी थोडं होतं. मग वाढत गेलं."

"मी विचारायचो तुला. दर वेळी विचारायचो. जुळला म्हणायचीस!"

"तू विचारतोस तेव्हा तुझं तोंड कसं होतं, ते तुला दिसत नाही. मला दिसतं."

तो पायरीवर बसला. आपल्या गाडीचं त्याला काही वाटलं नाही. पण गावाने त्याचा शब्द मानला होता, आणि तो शब्द सहा वर्षं खोटा होता.

"बाकीच्यांच्या किती असतील?"

आउनेने किल्ल्या आणल्या. "आज रविवार. चर्चला चल. सगळ्या एका जागी सापडतील. मी चालवते."

वाटेत तो एकच विचार करत होता. सगळं काढायचं, घासायचं, पुन्हा रंगवायचं. उन्हाळा जाईल. जावो. पण आज त्यांच्यासमोर तोंड उघडायचं कसं?

आत प्रार्थना चालू होती. बाहेर तेवीस गाड्या उभ्या होत्या. पहिली पांढरी; तिचे आरसे लोण्याचे. तिच्या शेजारची निळी. तिचे आरसे तळ्यातल्या पाण्यासारखे हिरवट. चंदेरी गाडीच्या दारांवर कोणी चहा सांडावा तशा पट्ट्या. ताइस्तोने टोपी काढली आणि तो रांगांमधून हळूहळू चालू लागला. एकोणीस गाड्यांना त्याचा हात लागला होता. तुर्कू शहर तिथून चाळीस मिनिटांवर. तिथल्या कुठल्याही दुकानात बरोबर रंगाचा डबा पाव तासात तयार झाला असता. या वर्षांत कोणी टायर बदलले होते, कोणी काच. एकाच्या गाडीवर रानातलं मोठं हरीण आदळलं होतं. तिचा पुढचा सगळा भाग नवा होता. आरसे तेच होते.

एकोणीस गाड्यांतला एकही आरसा, एकही पट्टी कोणी बदलली नव्हती.

घंटा झाली. लोक बाहेर आले आणि गाड्यांमध्ये उघड्या डोक्याने उभ्या असलेल्या ताइस्तोला बघून थबकले. त्याच्या उजव्या डोळ्याकडे सगळ्यांची नजर होती. मग निळ्या गाडीचा मालक, दुकानदार वेइयो, पुढे झाला.

"दिसतंय?"

"दिसतंय," ताइस्तो म्हणाला. "वेइयो, मी तुम्हा सगळ्यांचं..."

"दुसरा डोळा कधी?"

"एप्रिलात. अठराला."

वेइयो आपल्या गाडीच्या मागे गेला आणि हातमोज्याने बंपरवरचा बर्फ झटकला. खाली अजून काळंच प्लास्टिक होतं.

"मग अठराच्या आधी हा करून दे," तो म्हणाला. "उजवा मिटून. आरशांशी जुळायला हवा."