मैदानातली वायर

पाव्हणं, तुम्ही बसा, मला काय बसवत न्हाई. एक गंमत सांगतो. सरकारनं मदत केली, हे घर पर्यटकांसाठी सजलं. गावात नेटची वायरबी आणून टाकली, पण जोडायला कुणी फिरकलंच न्हाई. गावच्या पोरींना कबड्डीच्या रेघा आखायला चुना मिळंना. त्यांनी तीच वायर तोडून रेघांच्या जागी मैदानात अर्धी पुरली.

काल साहेब आले नेट जोडायला. "आजोबा, वायर कुठंय?"

म्हटलं, "साहेब, तिच्यावरच उभं हायसा!"

हसू नका. त्याच मैदानावरची माझी नात सुगंधा आत्ता तिकडं नागपूरला राज्याची फायनल खेळतीय. मॅच मोबाईलवर दिसते म्हणं, पण इथं रेंजच न्हाई. रेंजसाठी कितीदा टेकाड चढून आलो, तिथंबी मिळंना. चहा राहू द्या, तुमची गाडी काढा अन् मला रेंजपर्यंत न्या.