शेवटचा फटका होईस्तोवर

"त्या मोबाइलला हात लावशील तर हात मोडून ठेवीन," लक्ष्मम्मा दिराला म्हणाली.

गुरुलिंगनं खिशाकडं गेलेला हात मागं घेतला. चार माणसांत वहिनीनं असं बोलावं हे त्याला नवं नव्हतं. निलंग्यात कुणालाच नव्हतं.

"निदान बसवराजशी तरी बोलू द्या, वहिनी. तुमचाच लेक हाय तो."

"बोल की. खेळ संपू दे, मग बोल. मागल्या साली ऐन स्पर्धेत पोरीला स्थळ सांगायला तूच फोन लावलास. लातूरचा आडत्या, बंगला हाय, गाडी हाय. पोरीचं मन उडालं आन् दुसऱ्या दिवशी बाद होऊन बसली. ध्यानात हाय का विसरलास?"



टीव्ही आतल्या खोलीतून उचलून ओसरीवर मांडला होता, मन्मथअप्पांच्या बरोबर समोर. लक्ष्मम्मानंच तसा मांडायला लावला. अप्पा, तिचे यजमान, भिंतीला टेकून ताठ बसले होते. सकाळीच त्यांना आंघोळ घालून नवं धोतर नेसवलं होतं. कपाळभर विभूती, डोक्याला गुलाबी फेटा, गळ्यात हार. येणारा जो तो आधी त्यांच्या पाया पडायचा, मग अंगणातल्या सतरंजीवर बसून टीव्हीकडं बघायचा. अप्पा काही बोलत नव्हते. या घरात बोलायचं काम तसंही लक्ष्मम्माचंच.

बायकांच्या गोल्फातली सगळ्यांत मोठी स्पर्धा, तिकडं परदेशात, आणि शेवटचा दिवस. निलंग्याची मंजुश्री पहिल्या दोघींत होती. तिची काठ्यांची पिशवी बापाच्या, बसवराजच्या खांद्यावर. बसवराज फौजेत होता तेव्हा छावणीच्या मैदानावर पोरीनं पहिली काठी धरली. पण हात बसला तो इथं, सोयाबीन निघाल्यावरच्या मोकळ्या रानात. सुट्टीत ती आली की अप्पा जमिनीत पत्र्याचा डबा पुरायचे आणि तिनं मारलेले चेंडू ढेकळांतून वेचून आणायचे. म्हाताऱ्याला चळ लागला, असं गाव म्हणायचं. सगळ्यांत मोठ्या आवाजात सख्खा भाऊ, गुरुलिंगच, म्हणायचा.

"टीव्ही तरी बंद करा," गुरुलिंग आता हळूच म्हणाला. "स्वामी बसलेत, पाव्हणे बसलेत. शोभत न्हाई."

"काय शोभत न्हाई? पोरीचे गुडघे?"

"मी तसं म्हनलो का?"

"मग काय म्हनून राहिलास? सारं जग तिला बघून राहिलं आन् तिच्याच घरात टीव्ही बंद? स्वामीला अडचण असंल तर त्यांनी डोळे मिटावेत."

कोपऱ्यातल्या जंगमस्वामींनी खरंच डोळे मिटले. थोड्या वेळानं एक उघडला.

भजनी मंडळातल्या एकानं टाळ हातात घेतले तशी लक्ष्मम्मा कडाडली, "खाली ठेवा ते! ती मारताना आवाज केलेला चालत न्हाई."

"आवं, ती तिकडं साता समुद्रापल्याड..."

"तरी पन ठेवा."

शेजारची सरजाबाई चहाची किटली घेऊन आली, कारण लक्ष्मम्माच्या घरात आज चूल पेटलीच नव्हती. कुणी घेतला, कुणी नको म्हटलं. मंजुश्रीच्या आईनं, महानंदानं, पदर तोंडात कोंबला तरी तिचा हुंदका बाहेर आलाच.

"पोरगी बरोबरीत हाय आन् तू रडतीस?" सासूनं तिला दटावलं. "पूस डोळे. एक थेंब दिसला न्हाई पायजे मला."

या खेळात ज्याचे फटके कमी तो वरचढ, एवढं अप्पांनी बायकोला शिकवलं होतं. बाकीचं तिनं बघून बघून उचललं. पिवळ्या टोपीची एक गोरी पोरगी मंजुश्रीच्या बरोबरीनं चालली होती. ती वाळूतून चेंडू अलगद बाहेर काढी, तशी लक्ष्मम्मा तिला मनातल्या मनात शिव्या घाली.

"उन्हं कलली," गुरुलिंग परत म्हणाला. "अंधार पडायच्या आत निघायला पायजे, वहिनी."

"ज्याला घाई असंल त्यानं जावं. दार उघडं हाय."

कुणी उठलं नाही.

शेवटच्या हिरवळीवर पिवळ्या टोपीचा चेंडू भोकात गेला. मंजुश्रीचा गेला तर बरोबरी, नाहीतर हार. ती खाली बसली, जमिनीचा उतार बघितला, उठली. बसवराज दोन पावलं मागं सरला.

चेंडू काठापर्यंत गेला, काठावरून जरासा फिरला आणि बाहेरच थांबला.

"दुसरी," गुरुलिंग म्हणाला. "एवढ्यासाठी सकाळपासनं सगळ्यांना बसवून ठेवलं."

लक्ष्मम्मा गुडघ्यावर हात रेटून उभी राहिली. तिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असेल.

"हाव, दुसरी! ह्या घराण्यात दुसरं कोण गेलंय का तिथवर? आन् ऐक. ती हरली ती तिच्या हातानं हरली. डोकं जाग्यावर ठेवून, मन लावून हरली. तुझ्यापायी न्हाई, माझ्यापायी न्हाई, ह्या घरापायी न्हाई. फोनापायी हरली असती आन् जल्मभर तिनं आपल्याकडं बोट दाखवलं असतं तर तू काय तोंड दाखवलं असतंस?"



टीव्हीवर मंजुश्रीनं पिवळ्या टोपीला मिठी मारली. मग कॅमेऱ्याकडं बघून हसली आणि दोन बोटं कपाळाला लावली. रानाच्या त्या टोकावरून ती आजोबांना असाच नमस्कार करायची.

लक्ष्मम्मानं टीव्ही बंद केला. अप्पांसमोर वाकून तिनं त्यांच्या धोतराची निरी सारखी केली.

"लाव आता फोन बसवराजला," ती दिराला म्हणाली. मग बायकांकडं वळली. "आन् तुम्ही आता रडा गं. समाधी सकाळीच खोदून ठेवलीय. उचला त्यांना."