बिघाड नेमका कुठे

मदरबोर्ड सकाळपासून काही केल्या चालू होईना. पॉवर सप्लाय बदलला, वायरी तपासल्या, तरी पंखा ढिम्म. शेवटी वैतागून जोडलेलं सगळं काढलं आणि एकेक भाग परत लावत गेलो. साउंड कार्ड लावलं की बोर्ड गप्प, काढलं की पंखा गरगर.

"बोर्ड ठणठणीत आहे हो," मी गिऱ्हाइकाला म्हटलं. "हे कार्ड आत आलं की सगळं बंद पडतं."

संध्याकाळी घरी आलो, तर जिन्यातच बायकोचं आणि मुलींचं खिदळणं ऐकू आलं. मीही हसतच दार ढकललं. सगळ्या चिडीचूप.

"दुकानाला कुलूप लावलं का, बघून येतो," म्हणत मी मागे फिरलो.



अर्धा जिना उतरलो नाही तोच वर पुन्हा खिदळणं सुरू झालं.