पुरातली बॅटरी

चष्म्याच्या दुकानातल्या एका मुलीच्या पत्राला म्हाताऱ्याने अजून उत्तर दिलं नव्हतं. ‘महाकाव्यातलं युद्ध नक्की कधी झालं?’ तिने विचारलं होतं. ‘बाबा म्हणतात, पाच हजार वर्षांपूर्वी. मी म्हणते, झालंच नाही. एकाच दुकानात बसतो आणि बोलणं बंद आहे. तुम्ही सांगाल ते दोघंही मानू.’

जन्मभर अशा जुन्या ग्रंथांचा काळच त्याने अभ्यासला होता. पण एक आकडा लिहायचा म्हटलं की पेन अडायचं. पत्र खिशातच मळत चाललं होतं.

रविवारी तो बहिणीकडे जेवायला गेला. जेवणं झाल्यावर ताईची सून म्हणाली, “आई, मामांना पाठीवर घेऊन पुरातून आलात, ते सांगा ना.”

ताईला तेवढंच हवं होतं. मागच्या खेपेला कमरेएवढं असलेलं पाणी आज गळ्याशी आलं.

“पाठीवर हा बाळ्या, हातात बॅटरी...”

“आपल्याकडे बॅटरी कुठली, ताई? ती तुझ्या लग्नानंतर आली.”

“मग काय अंधारात चाचपडत आले?”

“आई सांगायची तेव्हा कंदील असायचा.”

“तुला रे काय ठाऊक? डोळे मिटून लोंबकळत होतास.”

सून हसली. “म्हणजे मामा, पूर आलाच नव्हता की काय?”

ताईच्या वेणीचं ओलं टोक दातांत धरलं होतं, एवढंच म्हाताऱ्याला आठवत होतं. पाणी किती होतं, ते नाही.

“बॅटरीवरून गोष्ट कधी सांगितली ते कळतं,” तो हळूच म्हणाला. “पूर कधी आला, ते नाही कळत.”

महाकाव्यातल्या लोखंडी बाणांवर त्याने असेच निबंध लिहिले होते. बाणांचा काळ थोडाफार ठरायचा. युद्धाचा राहून जायचा.

त्याने सुनेकडून कागद मागितला आणि तिथेच लिहायला बसला.

‘कधी, ते मला माहीत नाही. झालं की नाही, तेही छातीठोक सांगवत नाही. पुष्कळांनी सांगत सांगत ते वाढवलं, एवढं मात्र नक्की. बाबांना ते कुणी सांगितलं, हे त्यांना विचारा. ते सांगू लागले की मधे बोलू नका. मला ती खोड आहे.’

टपालपेटीपर्यंत ताई सोबत आली. वाटेत पाणी तिच्या नाकापर्यंत चढलं, बॅटरी विझली, पुन्हा लागली. तो मधे बोलला नाही.

पाकीट आत पडल्यावर त्याचा हात पेटीवरच राहिला.

“ताई, पत्रावर तारीख घालायची राहिली.”

“राहू दे रे,” ताई म्हणाली. “पोस्टवाले मारतील की शिक्का.”