लाल रेषेपलीकडची चारशे घरं

“परवा होकार दे. एवढंच सांगायला आलोय,” दादा म्हणाला आणि कुणी बस म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसला.

नियोजन समितीच्या अध्यक्षबाईंनी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. बाहेरच्या बाकावर अर्ज घेऊन बसलेली चार माणसं कान टवकारून होती.

“दादा, हे ऑफिस आहे.”

“मग? ऑफिसात भाऊ चालत नाही?” त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. शहराभोवती एक लाल रेषा होती. नऊ वर्षांपूर्वी समितीनेच आखलेली. तिच्यापलीकडे नवी वस्ती नाही. “ही रेषा इथे बोटभर पुढे सरकवायची. चारशे घरं होतील आणि कोपऱ्यावरचं दुकान मला मिळेल. कंपनीने शब्द दिलाय.”

त्याच जागेवर, रेषेच्या लगेच पलीकडे, दादाची रोपवाटिका होती. जमीन बांधकाम कंपनीची, दादा नुसता भाडेकरू. बावीस वर्षं तो तिथे गुलाबाची कलमं बांधत होता.

“गुडघे कुरकुरतात आता,” तो म्हणाला. “दुकानात बसून तरी राहीन. बहीण अध्यक्ष असल्याचा एवढा उपयोग होऊ दे की!”

जाताना तो बाकाजवळ थांबला. “काळजी करू नका हो, आत आपलीच बहीण आहे,” असं त्या चौघांना चांगल्या खणखणीत आवाजात सांगून गेला.

बाईंनी हातातलं पेन आपटलं. त्यांना पाठीमागे सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. खरं तर आवडायचंही. स्वतःच्या मुलाने गच्चीवर बांधलेली खोली दोन फूट पुढे आली म्हणून त्यांनी पाडायला लावली होती. मुलगा सहा महिने बोलला नव्हता.

त्यांनी समितीच्या सचिवांना बोलावलं. “या विषयाच्या वेळी मी उठून गेले तर?”

“नियमाने गरज नाही. जमीन तुमच्या भावाच्या नावावर नाही,” सचिव म्हणाले. मग जरा घुटमळले. “आणि गेलात, तीन-तीन मतं पडली, तर विषय वर्षभर लटकेल. तुम्ही पळ काढला असंही म्हणतील. तशी कुजबुज सुरू आहेच.”

“कसली?”

“तुमचे भाऊ दुकानाचा गाळा किती फुटांचा हवा, ते बाजारात सांगत फिरतायत.”

दोन दिवस बाईंचं कशातच लक्ष लागेना. भाजी फोडणीला टाकून त्या खिडकीशी जात आणि करपल्याचा वास आला की धावत परत येत. फाईल तीनदा वाचून झाली. अडचण अशी होती की प्रस्ताव चांगला होता. पाणी पुरत होतं, रस्ता रुंद होता, घरं लहान आणि परवडणारी होती. भाऊ मध्ये नसता तर? उत्तर चटकन मनात आलं आणि त्यांनी फाईल मिटली.

सभेच्या दिवशी दालन गच्च भरलं. दादा पहिल्याच रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. बाईंनी पाहिल्यावर त्याने सगळ्यांदेखत हात हलवला. मागून कुणीतरी म्हणालं, “दुकान पक्कं झालं, पेढे काढा!” सगळे फिदीफिदी हसले. बाईंचे कान तापले.

पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरने आकडे वाचले. मग एक नर्स बोलायला उभी राहिली. ड्यूटीवरून तशीच आली होती.

“मी तुमच्या दवाखान्यात आठ वर्षं काम करते,” ती म्हणाली. “यायला दीड तास, जायला दीड तास. मुलगी उठायच्या आधी निघते, ती झोपल्यावर पोचते. इथे मला परवडेल असं एकही घर नाही. तुमच्या आजारी माणसांच्या उशाशी मी बसायचं, आणि राहायचं मात्र दुसऱ्या गावात. एवढंच सांगायचं होतं.”

बाई नर्सच्या बुटांकडे बघत राहिल्या.

मतं घेतली. तीन बाजूने, तीन विरोधात.

“अध्यक्षांचं मत?” सचिवांनी विचारलं.

बाईंनी समोरचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. पहिल्या रांगेतून दादा मान डोलावत होता, झालंच म्हणून समजा अशा थाटात. शंभर डोळे एकदा त्याच्याकडे, एकदा बाईंकडे वळत होते.

“विरोधात,” बाई म्हणाल्या. “रेषा आहे तिथेच राहील.”

टाळ्या पडल्या. “याला म्हणतात स्वच्छ माणूस!” मघाचाच आवाज ओरडला. नर्स पिशवी उचलून निघून गेली. तिला पुढची बस गाठायची असावी. दादाची खुर्चीही रिकामी दिसली.

संध्याकाळी बाईंना घरात बसवेना. भावाचं म्हातारपणीचं सुख आपण हिरावलं, असं सारखं टोचत होतं. त्या तडक रोपवाटिकेत गेल्या.

फाटकाशी मातीने भरलेला ट्रक उभा होता. दोन माणसं फावड्याने माती उतरवत होती आणि दादा बाह्या सरसावून नवे वाफे आखत होता.

“दादा, माफ कर मला,” बाई म्हणाल्या. “तुझं दुकान गेलं.”

“चालायचंच,” दादा म्हणाला. दोरी ताणून त्याने खुंटी ठोकली.

बाईंनी ट्रककडे पाहिलं. “एवढी माती? कधी मागवलीस?”

“गेल्या आठवड्यात. एकदा फेटाळलेला प्रस्ताव तीन वर्षं परत आणता येत नाही ना.”

“गेल्या आठवड्यात? आणि आज होकार मिळाला असता तर?”

“तर महिन्याभरात इथून गाशा गुंडाळावा लागला असता.”

बाई त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. “अरे, मग मला सरळ सांगायचंस, की इथून हलायचं नाही म्हणून!”

दादाने हाताची माती झटकली.

“तसं सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर तू आज ती चारशे घरं मंजूर करून आली असतीस.”